एफ-पझल्स: स्वतःच्या नियमाची रेषा आखणाऱ्यांसाठी

स्वतःच्या नियमाचा सुडोकू रचायचा असेल तर एफ-पझल्स हे संकेतस्थळ जरूर वापरा, पण आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. हा क्रम मी आग्रहाने सांगते, त्याचं कारण पुढे येईलच.

एरिक फॉक्स यांनी बनवलेलं हे साधन ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. थर्मामीटर, बाण, पॅलिंड्रोम अशा रूढ रेषा (म्हणजे ज्या घरांवरून जातात तिथल्या आकड्यांना सुडोकूच्या नियमांपलीकडे जादा अट घालणाऱ्या) त्यात तयार मिळतात. घरांवरून माउस ओढला की रेषा उमटते आणि तिचा अर्थही साधनाला कळतो. गोळ्यापासून टोकाकडे आकडे चढतेच हवेत, हे थर्मामीटरबाबत वेगळं सांगावं लागत नाही. कोड्याला उत्तर आहे का, आणि असल्यास एकच आहे का, हे ते तपासून देतं. हाताने तेवढंच करायला अख्खी संध्याकाळ जाते.

मला मात्र रूढ रेषा नको होती. मी आठवीला गणित शिकवते, त्यामुळे पूर्ण वर्ग संख्या कायम डोक्यात असतात. त्यातून नियम सुचला: रेषेवर शेजारी येणाऱ्या दोन आकड्यांची बेरीज पूर्ण वर्ग हवी, म्हणजे ४, ९ किंवा १६. याला मी वर्गरेषा म्हणते. कागदावर जोड्या मांडल्या आणि जे दिसलं त्याने मी हरखून गेले. नऊ आकड्यांच्या तीनच साखळ्या होतात: ८-१-३-६, २-७-९ आणि ४-५. आकडा पुन्हा येऊ द्यायचा नसेल तर चार घरांपेक्षा लांब रेषा शक्यच नाही!

आता एका आडव्या ओळीत पहिल्या चार घरांवर एक वर्गरेषा काढा आणि सहाव्या ते आठव्या घरावर दुसरी. पहिलीत ८-१-३-६ बसणार, सुलट किंवा उलट. मग तीन घरांच्या रेषेला २-७-९ शिवाय काही उरत नाही, आणि त्यात ७ मधोमधच येतो. म्हणजे एकही आकडा छापलेला नसताना सातव्या घरात ७ पक्का! उरलेल्या दोन घरांत ४ आणि ५. अशी सुरुवात सापडली की कोडं रचायला हुरूप येतो.

पण ही रेषा एफ-पझल्सवर काढायची तर नुसत्या सजावटीची रेषा घ्यावी लागते. रंग, जाडी हवी तशी मिळते, पण तिच्यामागचा नियम साधनाला कळत नाही. ते तिला ओलांडून पुढे जातं आणि जी उत्तरं सापडतील ती वर्गरेषेविना असतात. म्हणूनच कागद आधी. नियमाचे सगळे पर्याय हाताशी असले की तेच साधन पुन्हा कामाला लावता येतं. चार घरांच्या रेषेला दोनच पर्याय आहेत ना? मग ८-१-३-६ हे आकडे छापील म्हणून भरा आणि तपासा. नंतर ६-३-१-८ भरा आणि तपासा. एकदा उत्तर एकच निघायला हवं, दुसऱ्यांदा एकही नाही. सुट्या तीन घरांच्या रेषेला सहा पर्याय पडतात. अशा दोन रेषा असल्या तर छत्तीस जोड्या, म्हणून जमेल तेवढं आधी तर्काने छाटून घ्यावं. रेषा तिरपी जात असेल तर आणखी जपा: एकमेकांना न दिसणाऱ्या, म्हणजे एकाच ओळीत, रकान्यात किंवा ३×३ चौकोनात नसलेल्या घरांत २-२ आणि ८-८ सुद्धा चालतात.

रंगाबाबत एक सूचना. ही कोडी सोडवणारी मंडळी हिरवी रेषा दिसली की जर्मन व्हिस्पर धरतात (शेजारच्या आकड्यांत किमान ५ चा फरक) आणि जांभळी दिसली की रेनबान (सलग आकडे, कुठल्याही क्रमाने). नव्या नियमाला हे दोन रंग देऊ नका, सोडवणारा पहिल्याच पावलाला चुकतो. मी विटकरी रंग घेतला.

फोनवर मात्र हे साधन वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बारीक घरांवर बोटाने रेषा ओढताना जीव मेटाकुटीला येतो. सोडवण्यासाठी तेच कोडं स्वेन नॉयमान यांच्या सुडोकूपॅडवर उघडावं. तिथे फोनवरही रंग आणि बारीक खुणा आरामात करता येतात. माझी नणंद विरारहून लोकलने जाताना तिथेच सोडवते आणि तिचा शब्द मी साधनापेक्षा वरचढ मानते. उत्तर एकच आहे हे यंत्राने सांगितलं, पण कोडं सोडवताना मजा येते का, हे तिलाच विचारावं लागतं. माझ्या कोड्यात वरच्यासारख्या दोन वर्गरेषा मधल्या ओळीत आहेत; तिथला ७ तिने झटक्यात पकडला. खालच्या तीन चौकोनांत मात्र नुसतं चाचपडावं लागलं, असं तिचं म्हणणं. तिथे आता दोन रकान्यांना जोडणारा एक छोटा थर्मामीटर टाकून पुन्हा तपासणार आहे.