गोठ्याच्या मॅटसाठी ४० मेशची रबर पावडर: माल चांगला, कागद अपुरा

भोसरीतील आमच्या कारखान्यात गोठ्यात अंथरायच्या रबरी मॅट तयार होतात आणि त्यांच्या कंपाउंडमध्ये (रबर आणि इतर घटकांच्या मिश्रणात) मिसळण्यासाठी जुन्या टायरची ४० मेशची (मेश म्हणजे चाळणीचा क्रमांक; आकडा मोठा तेवढी पावडर बारीक) पावडर आम्ही चाकण परिसरातील एका पुरवठादाराकडून घेतो. मॅट, पेव्हर टाइल किंवा मडफ्लॅपसाठी हा माल खुशाल घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र सोबत येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर विसंबून मिक्सिंग सुरू करू नये.

सर्टिफिकेटवर मापाविषयी ‘४० मेश’ एवढाच उल्लेख असतो. एएसटीएम या मानक संस्थेच्या डी ५६०३ या वर्गीकरणानुसार ४० मेशच्या पावडरमधील जास्तीत जास्त १० टक्के कण ४२५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहू शकतात आणि ६०० मायक्रॉनच्या चाळणीवर जवळजवळ काहीच राहता कामा नये. चाचणीसाठी १०० ग्रॅम नमुन्यात थोडी टाल्क पावडर मिसळून तो यंत्रावर हलवतात, कारण टाल्क नसेल तर रबराचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि माल आहे त्यापेक्षा जाड वाटतो. या पुरवठादाराचा माल मापात बहुतेक वेळा बसला. वरच्या चाळणीवर मात्र टायरमधील नायलॉन दोऱ्याचा करडा कापूस साचलेला दिसला. चुंबक फिरवल्यावर लोखंडाची तार फारशी लागली नाही, ही जमेची बाजू.

पावसाळ्यातील खेपांबद्दल तक्रार आहे. आतून प्लॅस्टिकचे अस्तर नसलेल्या गोण्यांतून आलेली पावडर हाताला कोरडी लागली, तरी १०५ अंश सेल्सिअसला तापवून वजन केल्यावर तिच्यातील ओलावा आम्ही ठरवलेल्या १ टक्क्याच्या वर निघाला. प्रेसमध्ये या ओलाव्याची वाफ होते आणि मॅटच्या पोटात फुगे धरतात, जे मॅट कापल्याशिवाय कळत नाहीत.

रासायनिक तपासणी आम्ही पुण्यातीलच एका खासगी प्रयोगशाळेत करून घेतली. थर्मोग्रॅव्हिमेट्रीमध्ये, म्हणजे तापवत वजनातील घट मोजण्याच्या चाचणीत, नमुना आधी नायट्रोजनमध्ये तापवतात, तेव्हा तेल आणि नंतर रबर उडून जाते. मग हवा सोडल्यावर कार्बन ब्लॅक (रबरात मिसळलेली काजळी) जळतो आणि शेवटी राख उरते. आमची अट राख ८ टक्क्यांच्या आत असावी अशी होती. ती पाळली गेली, पण एका बॅचपासून दुसऱ्या बॅचपर्यंत आकडा बराच हलत होता. ट्रक-बसच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर अधिक असते, तर कारच्या अनेक टायरांच्या ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या थरात) न जळणारी सिलिका असल्यामुळे राख वाढते. त्यामुळे दोन्ही प्रकारचे टायर एकत्र दळले जात असावेत, असा माझा अंदाज आहे. माती राहिली तरी राख वाढतेच, म्हणून हा एकच आकडा पाहून निकाल देता येत नाही.

मिक्सिंगच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही पावडर निष्क्रिय भराव नव्हे. नव्या कंपाउंडमधील गंधक जुन्या कणांत शिरते आणि कणांतील उरलेले अ‍ॅक्सिलरेटर (रबर लवकर पक्व करणारी रसायने) बाहेर येतात, त्यामुळे स्कॉर्चचा वेळ (रबर घट्ट होऊ लागेपर्यंतचा अवधी) कमी होतो आणि पक्वतेनंतरचा, म्हणजे गंधकासह तापवून रबर घट्ट झाल्यावरचा, कडकपणा घटतो. म्हणून प्रत्येक बॅचचा नमुना घालून ऱ्हिओमीटरवर रबर पक्व होण्याचा आलेख काढल्याशिवाय आम्ही गंधकाचे प्रमाण कायम करत नाही. सामान्य तापमानाला दळलेले असल्याने कण खडबडीत आहेत आणि नव्या रबरात चांगले धरतात. द्रव नायट्रोजनने गोठवून फोडलेले कण गुळगुळीत असतात.

पुरवठादाराची वागणूक चांगली आहे: फोन उचलतात, गाडी वेळेवर येते. ओल्या गोण्या त्यांनी वाद न घालता परत नेल्या आणि आता थोड्या जादा दरात अस्तराच्या गोण्या देतात. टायरचा प्रकार, राख, ओलावा आणि दोऱ्याचे प्रमाण बॅचनिहाय लिहून देण्यास मात्र ते अजून टाळाटाळ करतात. होज किंवा सील यांसारख्या वस्तू बनवणाऱ्यांनी तेवढे लेखी मिळेपर्यंत ऑर्डर देऊ नये.