फ्लोरिडा की टेक्सस? जमीन घेण्याआधी दोन कायदे ताडून पाहा

काही परकी सरकारं आणि त्यांच्या माणसांना जमीन विकू नये, यासाठी दोन्ही राज्यांनी कायदे केले. बंदीच्या यादीत भारत कुठेच नाही. तरी भारतीय पासपोर्ट म्हणजे सुटका, असं नाही. दोन्ही कायदे बिऱ्हाड, म्हणजे कायमचं राहण्याचं ठिकाण, कुठे आहे तेही पाहतात. शांघायमध्ये कायमचा स्थायिक झालेला, ग्रीन कार्ड नसलेला भारतीय दोन्हीकडे अडकतो.

फ्लोरिडाचा कायदा (एसबी म्हणजे सिनेट बिल २६४, १ जुलै २०२३ पासून) नकाशावर चालतो. चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा, सीरिया आणि व्हेनेझुएलाची मादुरो राजवट, यांच्या सरकारांना, कंपन्यांना आणि तिथे बिऱ्हाड असलेल्यांना शेतजमीन बंद. लष्करी तळापासून १० मैलांतली जवळपास सगळी जमीनही बंद. विमानतळ, बंदर, वीजकेंद्र, जलशुद्धीकरण केंद्र यांनाही तेच १० मैल, त्यामुळे वर्तुळात न येणारा प्लॉट शोधावा लागतो! चीनमध्ये बिऱ्हाड असलेल्यांना तर जवळपास सगळीच खरेदी बंद. ‘शेतजमीन’ ठरते ती करनोंदीवरून. कर वाचवायला शेती म्हणून नोंदवलेला रिकामा तुकडाही शेतजमीनच, म्हणून काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) उतारा आधी पाहा. आणि आपली खरेदी या कायद्यात बसते असं प्रतिज्ञापत्र प्रत्येक खरेदीदाराला द्यावं लागतं, भारतीयालाही. ते राहून गेलं म्हणून मालकी बिघडत नाही; खोटं दिलं तर मात्र शपथभंगाचा गुन्हा.

टेक्ससचा एसबी १७ (१ सप्टेंबर २०२५ पासून) मैल मोजत नाही. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया या चार देशांच्या सरकारांना, कंपन्यांना आणि तिथे राहणाऱ्यांना शेत, दुकान, घर सगळंच बंद. वर्षभराचा किंवा त्याहून मोठा भाडेकरारसुद्धा. अमेरिकेत कायदेशीरपणे राहणाऱ्याच्या स्वतःच्या राहत्या घराला सूट आहे. दोषी कंपनीला दंड अडीच लाख डॉलर किंवा जमिनीच्या बाजारभावाच्या निम्मा, यांतला जास्त असेल तो. यादीत भर घालण्याचा अधिकार गव्हर्नरकडे, म्हणजे आजची यादी कायमची धरू नका.

एकट्याच्या नावावर घर घेणाऱ्याला टेक्सस सोपं. भागीदारीत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून जमीन घेणार असाल, तर तिथे आधी प्रत्येक भागीदाराचं बिऱ्हाड आणि हिस्सा कागदावर घ्या; निम्म्याहून जास्त हिस्सा बंदीतल्या माणसांकडे असला की सगळी कंपनीच बंदीत जाते. फ्लोरिडात जास्त जपायचं ते विकताना: बंदीतल्या ग्राहकाला जाणूनबुजून विकलंत, तर गुन्हा तुमच्यावरही.

(गंमत अशी की अनिवासी भारतीयाला साताऱ्यात शेतजमीन विकत घेता येत नाही, फ्लोरिडात घेता येते.)