सोसायटी, ट्रस्ट की कलम 8 कंपनी? नोंदणीआधीचा हिशेब

तालुक्याच्या गावी पाच मित्र आठ वर्षं एक अभ्यासिका चालवतात. भाड्याची खोली, चाळीस खुर्च्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि हिशेबाची एक वही. नोंदणीची गरज कधी पडली नव्हती. यंदा गावच्याच एका व्यापाऱ्याने दोन लाखांचा चेक देऊ केला आणि विचारलं, "80जी आहे ना?" तिथे गाडी अडली. मी छोट्या संस्थांची दप्तरं लावून देतो. सीए नाही, पण सीएकडे जाण्याआधी लोक माझ्याकडे चहाला येतात. हे पाचजणही आले. एकाने कुठेतरी ऐकलं होतं की "कंपनी काढा, ऑनलाइन होते", दुसऱ्याचे सासरे म्हणाले होते, "ट्रस्टच बरा."

80जीचा गैरसमज आधी दूर करू. 80जी म्हणजे दात्याला देणगीवर करसवलत मिळवून देणारी मान्यता. ती आयकर खात्याकडून मिळते आणि तिन्ही प्रकारच्या संस्थांना मिळते: सोसायटी, ट्रस्ट आणि कलम 8 कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले, तरी बोलण्यात 12ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरची करमाफी) आणि 80जीच आहे. उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करण्याची अट तिघांनाही सारखी. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर दात्याला सवलत नाही, हेही सारखंच. नफा वाटून घ्यायची मुभा तिन्हीत नाही. ती हवी असेल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा साधी प्रायव्हेट लिमिटेड काढावी आणि रीतसर कर भरावा, त्यात कमीपणा काही नाही.

मग फरक कशात? माझ्या मते तीन प्रश्नांत: माणसं किती, जागा कुणाच्या नावावर, आणि पाचव्या वर्षी कागद कोण भरणार.

माणसं

सोसायटीला, म्हणजे 1860 च्या कायद्याखालच्या संस्थेला, किमान सातजण लागतात. महाराष्ट्रात तीच संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते, म्हणून धर्मादाय कार्यालयातून दोन प्रमाणपत्रं मिळतात आणि नोंदणी क्रमांकापुढे 'एफ' येतो. नुसत्या ट्रस्टला दोन-तीन विश्वस्त आणि एक न्यासपत्र (ट्रस्ट डीड) पुरतं. कलम 8 कंपनी, 2013 च्या कंपनी कायद्यातली, प्रायव्हेट स्वरूपात दोन सभासद आणि दोन संचालकांवर उभी राहते. (हा 1950 चा कायदा महाराष्ट्राचा आहे, गोव्यात चालत नाही. तिथल्या वाचकांनी धर्मादायवाला भाग सोडून द्यावा.)

सात माणसं जमत नाहीत तेव्हा लोक काय करतात, ते सर्वांना ठाऊक आहे. बायकोचं नाव, मेव्हण्याचं नाव, एखाद्या चुलत्याचं नाव. अर्ज करताना सहीला सगळे हजर असतात. दहा वर्षांनी चुलते वारलेले, मेव्हणा बंगळुरूला, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त घरी बसून लिहिलेलं. भांडण झालं की पहिला घाव याच इतिवृत्तावर पडतो. सोसायटीत सभासद कार्यकारिणी निवडतात, म्हणजे तुम्हाला घरी बसवूही शकतात. ज्यांना संस्था गावाची व्हावी असं मनापासून वाटतं त्यांनी ही किंमत मोजावी. ट्रस्टमध्ये निवडणूक नाही, न्यासपत्रात असेल ती पद्धत. म्हणून "नवा विश्वस्त कोण नेमणार" हे कलम न्यासपत्रात नीट लिहिलेलं नसलं की दुसरी पिढी कोर्टाच्या पायऱ्या चढते.

जागा आणि पैसा

इथे थोडं थांबतो, कारण संस्था काढताना याचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही.

धर्मादायकडे नोंदलेल्या संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा, बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तरीही लागते. परवानगी मिळेपर्यंत गिऱ्हाईक टिकेल याची खात्री नाही. पण हा काच हाच फायदाही आहे. आजोबांच्या नावे दिलेला वाडा पुढचा एखादा सचिव गुपचूप विकू शकत नाही. देणगीत जमीन येणार असेल आणि ती कायम राहावी अशी इच्छा असेल, तर मी ट्रस्ट किंवा सोसायटीच सुचवतो.

कर्जाचंही तसंच. संस्थेसाठी खासगी व्यक्तीकडून कर्ज काढायला विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी. आता खरी गंमत बघा. महिनाअखेरीला भाडं थकतं, सचिव खिशातून वीस हजार घालतो, हिशेबनीस ते "सचिवांकडून हातउसने" म्हणून ताळेबंदात टाकतो. झालं, विनापरवानगी कर्ज म्हणून ऑडिटरचा शेरा. मी एका संस्थेच्या सलग चार ताळेबंदांत तो शेरा पाहिला आहे. सगळा व्यवहार सरळ होता आणि प्रत्येक नवा दाता मात्र त्यावरच बोट ठेवायचा. कलम 8 कंपनीत संचालक कर्ज देऊ शकतो, फक्त ही रक्कम आपण स्वतः उसनी आणलेली नाही असं त्याला लिहून द्यावं लागतं. ज्यांचं काम अनुदानाच्या हप्त्यांवर चालतं आणि मधले तीन महिने कुणीतरी खिशातून निभावून नेतं, त्यांना कंपनी सोयीची.

पाचवं वर्ष

कंपनीची नोंदणी खरोखर घरबसल्या होते: डिजिटल सह्या, नाव राखून ठेवणं, केंद्र सरकारचं पोर्टल. धर्मादायमध्ये मूळ कागद घेऊन खेपा घालाव्या लागतात. म्हणून तरुण मंडळी कंपनीकडे झुकतात. नंतरचं चित्र मात्र उलटं आहे.

कंपनीला उत्पन्न शून्य असलं तरी ऑडिट चुकत नाही. वार्षिक सभा, मग 30 दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म, 60 दिवसांत वार्षिक विवरण. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले की 73,000. अभ्यासिकेचं वर्षाचं भाडंही कदाचित तेवढं नसेल. सलग तीन वर्षं कागद भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि त्याची स्वतःच्या धंद्याची कंपनी असेल तर तिथेही त्याची पंचाईत. मोठ्या मनाने "माझं नाव घाला" म्हणणाऱ्या व्यावसायिक मित्राला हे आधी सांगा.

धर्मादायचा त्रास वेगळ्या जातीचा. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज. कंपनीत तेच काम 30 दिवसांच्या आत एका ऑनलाइन फॉर्मवर उरकतं. चेंज रिपोर्टवर हरकत आली तर सुनावण्या लागतात, तारखा पडतात. तोवर धर्मादायच्या नोंदवहीत जुनीच नावं, आणि बँक सह्या बदलायला त्याच नोंदवहीचा उतारा मागते. दिवसाला शंभर रुपये नाहीत, पण चेकबुक अडकलं की कळतं.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा हवा असेल तर कंपनीच लागते, ही अफवा आहे. 12ए, 80जी, सीएसआर-1 या फॉर्मवरची नोंदणी आणि तीन वर्षांचं काम असेल तर ट्रस्ट आणि सोसायटीही चालते. मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना संचालक मंडळाची भाषा ओळखीची वाटते, एवढं खरं. दोन-तीन राज्यांत काम, पगारी माणसं, मुंबईबाहेरचे दाते, असं असेल तर मी कलम 8 कडे वळवतो.

परदेशातल्या पैशाचा नियम तिघांना एकच, आणि लोक इथेच फसतात. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाचा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. तोच न्यू जर्सीत अमेरिकन नागरिक झाला, ओसीआय कार्ड घेतलं, मनाने कितीही सांगलीचा राहिला, तरी त्याचा पैसा परकीय देणगी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. तिला तीन वर्षांचं अस्तित्व, त्या काळातला किमान 15 लाखांचा खर्च आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं हवं.

अभ्यासिकेच्या पाचांना मी सोसायटी सुचवली. कंपनीचे कागद भरणाऱ्या सीएसचे (कंपनी सेक्रेटरीचे) दरवर्षीचे पैसे त्यांना झेपणारे नाहीत, आणि पाचपैकी दोघांच्या स्वतःच्या कंपन्या आहेत. ट्रस्टही चालला असता, पण त्यांनाच ती अभ्यासिका पाच घरांची नको होती. दोन नावं कमी पडत होती. एकाने भावजयीचं नाव काढलं, मी नको म्हटलं. मग त्यांना तिथेच बसून अभ्यास केलेली, आता तलाठी झालेली मुलगी आठवली. सरकारी नोकरीत असल्याने आधी वरिष्ठांना विचारावं लागेल, असं ती म्हणाली. सातवं नाव अजून शोधतायत. व्यापाऱ्याला सांगितलंय, चेक थोडा थांबवा.