तंतुकणिकेची सुटी होणारी प्रतिकृती: वापरानंतरचा अभिप्राय

पेशीतील श्वसन शिकवण्यासाठी मागवलेली तंतुकणिकेची (मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकाची) ही प्लास्टिकची प्रतिकृती काही आठवडे वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, तिची खरी जमेची बाजू आतल्या पटलाची घडण ही आहे. झाकण उचलताच घड्याघड्यांचे पटल दिसते, आणि दोन पटलांमधील अरुंद जागेत साचलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकरातून आत उतरताना एडीपीला फॉस्फेट जोडून एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू कसा बनतो, हे जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेले तत्त्व फळ्यावरील आकृतीपेक्षा येथे चटकन उमगते.

मात्र नेमक्या याच भागात एक चूक राहिली आहे. प्रतिकृतीत सिंथेजचे बोंडासारखे डोके बोटाने फिरवता येते. प्रत्यक्षात ते डोके स्थिर असते, आतला दांडा फिरतो आणि त्याच्या एका पूर्ण फेऱ्यात तीन एटीपी तयार होतात. मला ही चूक किरकोळ वाटत नाही.

सोबतच्या पुस्तिकेत ग्लुकोज थेट तंतुकणिकेत शिरताना दाखवले आहे. वास्तविक त्याचे विघटन आधी पेशीद्रवात होते, तेथे निव्वळ दोन एटीपी मिळतात आणि आत जाते ते या विघटनातून बनलेले पायरुव्हेट. एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हा जुना आकडाही तसाच छापला आहे. आता तो सुमारे ३० ते ३२ मानला जातो.

रंग टिकाऊ आहेत, बिजागरी मात्र सैल आहे. प्रतिकृती अवश्य घ्यावी, पुस्तिका बाजूला ठेवावी.