कॅलरी मोजणारी ॲप्स : खाण्याचीच धास्ती घेतलेल्या माणसाच्या हातात

कॅलरी मोजणारी बहुतेक ॲप्स एकाच साच्यातली असतात. वय, उंची, वजन आणि हवे असलेले वजन भरले की रोजचा कोटा ठरतो. मग बारकोड स्कॅन करायचा किंवा यादीतून पदार्थ निवडून ग्रॅम टाकायचे, की कोट्यातून आकडा वजा होतो. कोट्याच्या आत राहिलात तर हिरवा रंग, ओलांडलात तर लाल. व्यायाम केलात तर तेवढ्या कॅलरी परत जमा. सलग किती दिवस नोंद झाली याची साखळी दिसते आणि ती तुटू नये म्हणून आठवणही येते. नोंदवही म्हणून रचना चोख आहे. कालचेच जेवण आज पुन्हा नोंदवायला एक टिचकी पुरते.

पण वापरणाऱ्याला अन्न खुणावते आणि त्याला थोडा लगाम हवा आहे, असे ही रचना धरून चालते. ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे अतोनात कमी होण्याच्या विकारात, आणि खाणे आवळत नेणाऱ्या इतर विकारांत नेमके हेच उलटे असते. अशा व्यक्तीच्या फोनमध्ये हे ॲप नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. (या लेखात कॅलरीचा एकही आकडा मुद्दामच दिलेला नाही. ज्यांच्यासाठी तो लिहिला आहे, त्यांच्या मनात असा आकडा रुतून बसतो.)

‘भूकच लागत नाही, म्हणून खात नाही’ हा समज अपुरा आहे. ॲनोरेक्सियात वजन घटलेले असताना भूक जागवणारे संप्रेरक घ्रेलिन रक्तात वाढलेले असते आणि चरबीच्या साठ्याची खबर देणारे संप्रेरक लेप्टिन घटलेले असते. शरीर अन्न मागतच असते, घोडे अडते ते मेंदूत. खाण्याच्या विकारांचे संशोधक गुइडो फ्रँक यांच्या गटाने मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेल्या व्यक्तींना साखरेचे पाणी दिले. कधी ते अपेक्षा नसताना दिले, कधी अपेक्षा असताना दिलेच नाही. अपेक्षा आणि अनुभव यांतला हा फरक मेंदूतली बक्षीस-यंत्रणा टिपते. ती डोपामीन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनावर चालते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ॲनोरेक्सिया असलेल्या स्त्रियांचा प्रतिसाद इतरांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे यंत्रणा बधिर नव्हती, उलट जास्तच संवेदनशील झाली होती. याच गटाला 2016 मध्ये आणखी एक गोष्ट आढळली. मेंदूतले भुकेचे केंद्र असलेला हायपोथॅलॅमस एरवी बक्षीस-यंत्रणेतल्या व्हेंट्रल स्ट्रायटम या भागाला संदेश देतो. ॲनोरेक्सियात ही दिशा उलटी दिसली. शिकलेली भीती भुकेला गप्प बसवते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

2015 साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांना स्कॅनरमध्ये पदार्थ निवडायला लावले. या निवडीच्या वेळी त्यांच्या मेंदूतला डॉर्सल स्ट्रायटम, म्हणजे सवयी पक्क्या करणारा भाग, निरोगी व्यक्तींपेक्षा जास्त गुंतलेला होता. हा भाग कपाळामागच्या मेंदूशी जसा जोडला जात होता, त्याचा दुसऱ्या दिवशीच्या जेवणात प्रत्यक्ष किती खाल्ले याच्याशी संबंध निघाला. सुरुवातीला कमी खाल्ल्याने कौतुक होते, धास्ती ओसरते. पुढे कौतुक थांबले तरी हात आपोआप कमी वाढून घेतो. सवय झालेली असते.

आता ॲपकडे पुन्हा पाहा. ‘उरलेल्या कॅलरी’ सामान्य माणसाला मुभा वाटतात, पण इथे तो गुण होतो : जितक्या उरल्या, तितके जिंकलो. हिरवा रंग न खाण्याचे बक्षीस ठरतो आणि साखळी त्या सवयीला रोज खतपाणी घालते. व्यायामाच्या कॅलरी परत मिळतात, म्हणून जेवण आधी ‘कमवावे’ लागते. बारकोड असलेला पदार्थ सुरक्षित वाटतो, तर घरच्या स्वयंपाकाचा नेमका आकडा सापडत नाही म्हणून तो टाळला जातो आणि ताटातले पदार्थ एकेक करून कमी होतात. घरच्यांच्या लक्षात सहसा न येणारी गोष्ट वेगळीच आहे. एकाच पदार्थाच्या यादीत चार नोंदी असतील, तर घाबरलेली व्यक्ती सर्वांत मोठा आकडा निवडते. त्यामुळे नोंद व्यवस्थित दिसते, पण पोटात गेलेले अन्न त्याहून कमी असते. त्या नोंदीवर विसंबू नका.

2017 साली खाण्याचे विकार असलेल्या 105 जणांच्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी असे एक लोकप्रिय ॲप वापरले होते. त्यांतल्या 73 टक्क्यांना ते आपल्या विकाराला हातभार लावते असे वाटत होते. ॲपमुळेच विकार होतो, हे यातून सिद्ध होत नाही. पण पेटलेल्या चुलीत लाकूड सारायचे कशाला?

नोंद ठेवायचीच असेल, तर ती आकड्यांशिवाय ठेवा. विकारासाठी घडवलेल्या वर्तन-उपचारात वापरतात तसा साधा तक्ता पुरतो : वेळ, काय खाल्ले ते शब्दांत, कुठे, आणि त्या वेळी मनात काय होते. नोंद खाताक्षणीच करायची, रात्री आठवून नाही. रोज तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. वजन आठवड्यातून एकदाच, तेही उपचार करणाऱ्यासमोर. या तक्त्यात हिरवे-लाल नसते, म्हणून सुरुवातीला अस्वस्थता वाढते. ती सोसायला शेजारी कुणीतरी बसलेले हवे.

बरेच दिवस अत्यल्प खाणे झाले असेल, तर घरच्या घरी एकदम आहार वाढवू नका. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊन हृदयाची लय बिघडू शकते. आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या. चक्कर येत असेल, किंवा जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल, तर त्याच दिवशी जा.

ॲप काढताना नुसते चिन्ह पुसू नका, सेटिंगमधून खातेच बंद करा. नाहीतर पुन्हा इन्स्टॉल करताच जुना कोटा आणि साखळी समोर उभी राहते. घड्याळातली आणि फोनच्या आरोग्य-ॲपमधली कॅलरीची मोजणीही बंद करा. ती बहुधा आधीपासूनच चालू असते आणि नेमकी तीच विसरली जाते.