फणीवरचा ४० आकडा: चार शाफ्टचा टेबल माग, आठ महिन्यांनंतर

फणी म्हणजे मागावरचा कंगवा: उभ्या काड्या आणि त्यांच्यामधल्या फटी, म्हणजे घरं, ज्यांतून ताण्याच्या उभ्या तारा जातात. तिच्यावर ४० कोरलेलं असलं तरी तिच्यात इंचाला ४० घरं नसतात. आपल्याकडे फणीचा नंबर दोन इंचांवर मोजतात. दोन इंचांत ४० घरं, म्हणजे इंचाला २०. कापडगिरण्यांपासून चालत आलेली ही पद्धत सोयीचीही आहे, कारण एका घरात दोन तारा भरल्या की फणीचा नंबर हाच इंचाला तारांचा आकडा होतो. बऱ्याच परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत मात्र ‘१२ ची फणी’ म्हणजे सरळ इंचाला १२ घरं. मागासोबत आलेली पुस्तिका त्या पद्धतीची, फणी आपल्या पद्धतीची, दोन्ही एकाच खोक्यात, आणि याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही. शिकणाऱ्याने ४० चा अर्थ इंचाला ४० घरं असा घेतला आणि एक घर सोडून एक तार भरली, तर २० च्या जागी १० तारा बसतात. कापड जाळीसारखं सुटं पडतं आणि दोष आपल्या हाताचा वाटत राहतो. पहिले दोन ताणे असेच गेले. या मागाबद्दल सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं ते हेच, म्हणून आधी सांगितलं.

माग नेहमीचा: २४ इंची, चार शाफ्ट, म्हणजे ताण्याच्या तारा उचलणाऱ्या चौकटी, वर त्यांच्या चार तरफा, घडी होणारा. बाकी मोजमापं सगळीकडे मिळतात. पाठवणीसकट २६ हजार पडले. एवढ्या पैशांत फणी एकच येते, आणि एका फणीवर विणकाम शिकता येत नाही.

दुसऱ्या फणीवरून विक्रेत्याशी वाद झाला. २/२० सुताचा (हा नंबर काय, ते पुढे) स्टोल साध्या विणीत इंचाला २४ तारांवर छान सैल पडतो. त्यासाठी २४ नंबरची फणी आणि घरात दोन तारा. ‘२४ नंबर’ एवढंच लिहून मागवली, तर आली इंचाला २४ घरांची, म्हणजे आपल्या हिशेबाने ४८ नंबरची. ‘आमच्याकडे सगळे इंचावरच मागतात,’ हे उत्तर. मग मागासोबत दिलेल्या फणीवर ४० का, त्यावर कुणी काही बोललं नाही. चार फोन झाल्यावर बदलून द्यायला तयार झाले, पण दोन्ही बाजूंचं कुरिअर ग्राहकाने भरायचं. तो खर्च जवळजवळ नव्या फणीइतका होत होता. शेवटी ४८ चीच ठेवली. तिच्या घरात एकेक तार भरली तरी इंचाला २४ होतातच, पण घर अरुंद असल्याने प्रत्येक गाठ त्यात अडकते आणि तार तुटते. दोन तारांचं रुंद घर गाठ सहज जाऊ देतं.

फणी मागवताना नंबर कधीच एकटा लिहू नका. ‘दोन इंचांत २४ घरं, म्हणजे इंचाला १२’ असं दोन्ही लिहा. सोबत फणीची लांबी, वरच्या-खालच्या पट्ट्यांसकट पूर्ण उंची आणि पट्टीची जाडी मिलिमीटरमध्ये द्या. फणी ज्यात बसते त्या मागाच्या हत्याची खाच ठरावीक मापाची असते, पाच मिलिमीटरने उंच फणी तिच्यात बसत नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर इथे यंत्रमागांसाठी फण्या बांधणारे आहेत. त्यांना ही चार मापं दिली की २४ इंचांचा तुकडाही बांधून मिळतो. यंत्रमागाची फणी बहुधा जास्त उंच असते, म्हणून उंची सांगायला विसरलात तर पैसे गेलेच. आणि स्टेनलेस स्टीलचीच मागा, कारण पुढे येईल.

तोवर ४० नंबरवर काम चालवायचं असेल तर तारा एक-एक-एक-दोन अशा भरा. चार घरांत पाच तारा, इंचाला २५. विणताना उभ्या बारीक रेघा दिसतात, पण कोमट पाण्यात धुऊन वाळवल्यावर साध्या सुतात त्या बऱ्याच मिटतात. रेशमात मिटत नाहीत.

सुताच्या नंबरातही असाच उलटा प्रकार आहे, पण तो लवकर लक्षात येतो. आपण २/२० लिहितो, बऱ्याच परदेशी नमुन्यांत तेच २०/२ असतं. सूत तेच: २० नंबरच्या दोन तारा पिळलेल्या, एका ग्रॅमला सुमारे १७ मीटर.

आता हिल्ड, म्हणजे शाफ्टवर उभ्या अडकवलेल्या, मधे सुईसारखा डोळा असलेल्या कड्या. प्रत्येक शाफ्टवर तारेच्या १०० हिल्ड येतात, एकूण ४००. एका हिल्डच्या डोळ्यातून एकच तार जाते, त्यामुळे इंचाला २५ तारा धरल्या तर या ‘२४ इंची’ मागावर फक्त १६ इंच रुंदीचं कापड विणता येतं. इंचाला २० धरल्या तर २० इंच. पूर्ण रुंदी इंचाला १६ तारांच्या जाड कापडालाच मिळते. हे कुठल्याही जाहिरातीत नाही. जास्तीच्या हिल्ड विकत घ्यायची गरज नाही. फळीवर चार खिळे ठोका, जुन्या हिल्डच्या डोळ्याची आणि दोन्ही टोकांची जागा अचूक धरून, आणि मजबूत पिळाच्या सुती दोऱ्याच्या हिल्ड गाठी मारून करा. डोळ्याची जागा दोन मिलिमीटरनेही चुकली तर ती तार वर-खाली लोंबते आणि आडवी बाण्याची तार नेणारा धोटा तिला कापून जातो. म्हणून सगळ्या हिल्ड एकाच फळीवर करा. अशा १६० करून ५६० झाल्या, आणि २२ इंचांचा, ५२८ तारांचा स्टोल बसायला लागला.

इथे एक मत बदलावं लागलं. पहिले तीन महिने काठाच्या तारा सारख्या तुटायच्या. फणीची टोकं खरबरीत आहेत, हा माल वाईट आहे, असं पक्कं वाटत होतं. भिंगातून पाहिलं तर एकही काडी धारदार नव्हती. कारण कापडातच होतं: फणीत २० इंच भरलेला ताणा विणून साडेसतरा इंचांवर येत होता. कापड एवढं आत ओढलं गेलं की काठाच्या तारा फणीच्या शेवटच्या काड्यांवर तिरक्या घासतात आणि झिजून तुटतात. बाण्याची तार सरळ आडवी न टाकता तिरकी, कमानीसारखी टाकली आणि मग फणी ठोकली, की बाण्याला पुरेशी लांबी मिळते. आत ओढणं एक इंचावर आलं आणि काठ तुटणं थांबलं. त्या बाबतीत फणीला दिलेला दोष मागे घेतो.

पावसाळ्यात मात्र फणीचा खरा दोष दिसला. दमट हवेत सुताची ताकद वाढते, जून-जुलैत तारा सगळ्यात कमी तुटल्या. पण त्याच हवेत साध्या पोलादाची फणी गंजली. ताणा चढवून माग दहा दिवस बंद ठेवला, तर फणी उभी होती तिथे पांढऱ्या सुतावर तांबूस आडवी रेघ उमटली. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं की डाग फिका होतो, पण सुतालाही ते सोसवत नाही. गंजलेली फणी बारीक पॉलिश पेपरने काड्यांच्या दिशेने, उभी घासा, आडवी कधीच नाही. मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्या. तेल राहिलं तर पुढच्या ताण्याचे पहिले दोन वार डागाळतात. समुद्राजवळ राहणाऱ्याने ही फणी पहिल्याच पावसाळ्याआधी बदलावी.

ताण्याचा ताण धरणाऱ्या रॅचेटची (दातेरी चाकाची) खिटी सहाव्या महिन्यात घसरायला लागली. स्क्रू आवळला, प्रश्न मिटला.

आता या मागावर व्यवसाय होईल का, हा प्रश्न शिकणारे पहिल्या आठवड्यातच विचारतात. हिशेब असा. दोन मीटरचे तीन स्टोल, झालर आणि आकसणं धरून साडेसात मीटर, मागावर वाया जाणारं पाऊण मीटर, ताणा सव्वाआठ मीटर. ५२८ तारांना सुमारे २६० ग्रॅम सूत. इंचाला २२ बाणे धरून तिन्हींना आणखी २१० ग्रॅम. अर्धा किलोच्या आतच काम होतं, तेव्हा सूत महाग नाही, वेळ महाग आहे. एका स्टोलला जवळजवळ १९०० वेळा धोटा टाकायचा, आणि प्रत्येक वेळी हाताने तरफा बदलायच्या. मिनिटाला आठ हा टिकणारा वेग. नुसतं विणायला चार तास. ताणा करणं, ओवणं, फणी भरणं याचा वाटा आणि झालर, धुणं मिळून एका स्टोलला सात तास. पायाच्या पावड्यांचा माग तेच काम निम्म्या वेळात करतो. स्टोल विकून हा माग पैसे फेडणार नाही.

नमुने विणून फेडू शकतो, आणि तिथेच फणीचा आकडा पोटापाण्याचा होतो. कापडाच्या धंद्यात कापड सांगतात ते ताण्याचं सूत, बाण्याचं सूत, इंचाला तारा, इंचाला बाणे आणि रुंदी, याच क्रमाने. २/२० गुणिले २/२०, २४ गुणिले २२, पन्ना २२. स्टुडिओला किंवा विणकरांच्या गटाला दाखवायचा प्रत्येक नमुना आठ बाय दहा इंचांचा असावा. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर हे आकडे, फणीचा नंबर, घरात किती तारा, मागावरची रुंदी आणि धुतल्यानंतरची रुंदी लिहिलेली असावी. नुसता सुंदर तुकडा घेऊन विणकर काय करणार? चिठ्ठीवर ‘फणी १२’ लिहिलंत तर तो दोन इंचांत १२ घरं धरेल आणि कापड निम्म्या घनतेचं येईल. एकाच ताण्यावर तीन-तीन इंचांचे सहा पट्टे वेगवेगळ्या रंगांचे घाला आणि त्याच रंगांचे बाणे टाका. छत्तीस रंगमेळ एकाच दिवसात मिळतात. या कामाला टेबल मागासारखा माग नाही, कारण तरफा सुट्या असल्याने पावड्या न बांधता हवी ती वीण करून पाहता येते.

शिकायचं असेल तर माग घेण्याआधी मुंबई किंवा नागपूरच्या विणकर सेवा केंद्रात जाऊन या. ही केंद्रं मुख्यतः विणकरांसाठी आहेत, पण विणकाम, रंगाई आणि डिझाइन एकाच छताखाली चालतं ते तिथे. चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ पासून याच केंद्रांच्या नोकरीत होते, काही वर्षं वाराणसीत. कलाकाराला कापडाचं काम मिळण्याची ती वाट जुनी आहे. पूर्ण तांत्रिक शिक्षण हवं असेल तर सेलम, वाराणसी, गुवाहाटी, जोधपूर इथल्या हातमाग तंत्रज्ञान संस्थांत तीन वर्षांची पदविका आहे. विणकर घरातल्या मुलांसाठी महेश्वरला हँडलूम स्कूल आहे. आणि टेबल मागावरचं कापड हातमागाचं म्हणायचं का, ही शंका नको. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यात यंत्रमाग सोडून कुठलाही माग हातमागच धरलेला आहे.

कलाकृतींकडे वळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुंबईच्या विणकर-कलाकार मोनिका कोरिया यांनी विणता विणता फणी काढून घेता येईल अशी सोय मागावर केली, आणि ताण्याच्या तारा सरळ रेषा सोडून हव्या तशा वाहू दिल्या. या मागावर तसं करून पाहायचं तर बंद फणी चालणार नाही, ताणा कापल्याशिवाय ती निघत नाही. वरची पट्टी न बांधलेली, वरून उघडी फणी हवी. हत्याची वरची दांडी दोन पेचांवर आहे, ती पाच मिनिटांत सुटते, तेव्हा मागाची काही अडचण नाही.

तशी फणी बांधायला टाकली आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: दोन इंचांत २४ घरं, म्हणजे इंचाला १२, लांबी २४ इंच, उंची १०० मिलिमीटर, खालची पट्टी ८ मिलिमीटर, वरून उघडी, स्टेनलेस.