डार्कटेबल: आठ महिने वापरून झाल्यावर

भाच्याने लॅपटॉपवर डार्कटेबल हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं तेव्हा म्हणाला, "मामा, फुकट आहे, वापरून तर बघ." फुकट आहे हे खरं. पण मॉड्यूलांची, म्हणजे एडिटिंगच्या एकेका साधनाची, ती लांबलचक रांग बघूनच डोकं गरगरायचं. चौथ्या दिवशी काढूनच टाकणार होतो.

राहिलं ते एका फोटोमुळे. पावसाळ्यातली सकाळ, समोर आपला इंदूरचा राजवाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. आकाश पांढरंफट्ट आणि लाकूड काळंठिक्कर. जेपीईजीत काही हाती लागेना, रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीत, मात्र ढग शाबूत होते. एक्स्पोजरला मास्क लावून, म्हणजे बदल फोटोच्या तेवढ्याच भागापुरता ठेवून, आकाश पाऊण स्टॉप उतरवलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), दुसऱ्या मास्कने लाकूड अर्धा स्टॉप चढवलं. मास्कची कड मऊ करताना बाबा आठवले.

त्यांची डार्करूम जिन्याखाली होती. लाल दिवा, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा वास. निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या एन्लार्जरचा उजेड कागदावर पडत असताना ते सायकलच्या स्पोकला लावलेली काळ्या पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर धरायचे. तेवढा भाग उजळ यायचा. हात सतत हलता हवा, नाहीतर चकतीची कड उमटलीच म्हणून समजा. आकाश गडद करायला भोक पाडलेला पुठ्ठा किंवा वळवलेला पंजा आणि वरचे काही सेकंद. १९९० साली आलेल्या फोटोशॉपने डॉज (उजळ करणं) आणि बर्न (गडद करणं) या साधनांच्या चित्रांत हीच काडीवरची चकती आणि हाच वळवलेला पंजा घेतला. तरी लोक तोंड वाकडं करून विचारतात, "एडिट केलाय ना?"

आता तक्रारी. माझ्या ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर डीनॉइज (फोटोतले दाणे घालवणं) लावलं की चहा करून यावं. मूळ फाइलला धक्का लागत नाही, सगळे बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलीत राहतात. हे मला कळलं ते फक्त रॉ फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन भाच्याकडे गेलो आणि तिथे एकही बदल दिसेना तेव्हा! पहिले प्रिंट काळपट आले म्हणून लॅबवाल्यावर डाफरलो. दोष माझ्या पूर्ण उजळ ठेवलेल्या स्क्रीनचा निघाला.

बाबांच्या एका प्रिंटमागे पेन्सिलीने लिहिलंय: "१८ से., आकाश ७ जास्त." कागद महाग, तीन कागदांत उरकायचं. माझ्या राजवाड्याच्या हिस्टरीत, म्हणजे बदलांच्या यादीत, ६३ पायऱ्या झाल्या. विसावी आणि शेवटची शेजारी लावून बायकोला दाखवली. तिने विसावी उचलली. भिंतीवर तीच लागली आहे.